केळीच्या पानातले मासे: हुबळी-धारवाडच्या स्वयंपाकघरासाठी

केळीच्या पानात मासा शिजवणे म्हणजे त्याला त्याच्याच ओलाव्यात शिजू देणे. जाळ पानाला लागतो, आत वाफ कोंडते आणि मसाला माशाला धरून राहतो. तेल थोडे लागते, मासा उलटताना मोडत नाही, तव्याला चिकटत नाही. ज्या घरात तांदळाच्या पिठाची पानगी होते त्या घराला हे तंत्र ओळखीचे आहे. फरक एवढाच की पानगीचे पीठ कोरडे पडले तरी खाता येते. माशाला मात्र दोन-चार मिनिटे कमी किंवा जास्त झालेली लगेच कळतात.

कारवार, गोवा आणि सिंधुदुर्गात परसातली केळ आणि सकाळचा मासा एकाच दिवशी हाताशी असतात. हुबळी-धारवाडला तसे नाही. इथे मासा अंकोला-यल्लापूरमार्गे अरबैल घाट चढून येतो, किंवा गोव्याहून अनमोड घाटाने रामनगर-अळणावरकडून येतो. तो बर्फात येतो. पानही बहुतेकांना विकतच आणावे लागते. पान फाटणे, पान जळून मासा कच्चा राहणे, पुडीत पाणी साठणे, मसाल्याला कच्चा वास येणे या नेहमीच्या तक्रारी काही अंशी या दोन गोष्टींतून निघतात. म्हणून पाककृतीआधी मासा आणि पान यांची निवड नीट समजून घ्यावी.

मासा कोणता घ्यावा

पानात शिजवायला तेलकट किंवा मध्यम तेलकट, अर्धा किलोपर्यंतचा अख्खा मासा सर्वांत सोपा. बांगडा या कामाला उत्तम, आणि हुबळीत तो वर्षातले बरेच महिने मिळतो. त्याचा तीव्र वास तळताना घरभर पसरतो. पानात तो बराचसा बंद राहतो. शेजार शाकाहारी असेल तर ही सोय लहान नाही.

बाजारात नावे मराठी, कोकणी आणि कानडी अशा तिन्ही भाषांत कानी पडतात. ओळख पुढीलप्रमाणे ठेवावी:

- बांगडा: कानडीत बंगुडे. अख्खाच शिजवावा, डोके ठेवले तरी चालते.
- सुरमई: कारवार-गोव्याकडे इसवण, मंगळूरकडे अंजल. दोन सेंटीमीटर जाडीच्या तुकड्या घ्याव्यात. पातळ तुकडी पानात कोरडी होते.
- पापलेट: कानडीत मांजी. वाफवण्यासाठी याच्यासारखा मासा नाही, पण महाग आहे. पहिल्याच प्रयोगाला तो घेऊ नये.
- मुडदुशी: कारवारी नोगली, कानडी काणे. मांस नाजूक, त्यामुळे फक्त वाफवावी.
- तारली: लहान असल्याने एका पुडीत चार-पाच मावतात. काटे मात्र फार.
- रोहू, कटला: मलप्रभा आणि तुंगभद्रेच्या जलाशयांतली किंवा तळ्यांतली मासळी. पोटाकडच्या जाड तुकड्या मागाव्यात; पाठीकडच्या भागात बारीक दुफाट काटे असतात.
- तिलापिया: इकडे जिलेबी मासा म्हणतात. स्वस्त, काटे कमी, शिकण्यासाठी चांगला.

गोड्या पाण्यातल्या मासळीला कधी मातकट वास येतो. चिंच किंवा लिंबाचे पाणी चोळून पंधरा मिनिटे ठेवल्यास तो बराच कमी होतो. थाई मागूर या नावाने विकला जाणारा आफ्रिकन मागूर मात्र घेऊ नये. त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर भारतात बंदी आहे.

जून-जुलैचा प्रश्न

कर्नाटक आणि गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी असते. त्यामुळे जूनच्या मध्यानंतर आंध्र-तमिळनाडूची मासळी इकडे येऊ शकते, पण तिचा प्रवास कितीतरी लांबचा. या दोन महिन्यांत 'आजच कारवारहून आलेली सुरमई' असे कोणी सांगितले तर ती शीतगृहातली आहे का, हे सरळ विचारावे. गोठवलेला मासा वाईट नसतो. एकदा वितळलेला मासा पुन्हा बर्फात घालून ताजा म्हणून विकलेला वाईट. या काळात जलाशयातला रोहू किंवा कटला घेणे जास्त शहाणपणाचे. तो जवळचा असतो आणि पानात चांगला लागतो.

बर्फातल्या माशाची पारख

ताज्या माशाचे डोळे चकचकीत आणि फुगीर असतात, हा नियम किनाऱ्यावर ठीक. बर्फाला टेकून आलेल्या चांगल्या माशाचेही डोळे पांढुरके होऊ शकतात. त्यामुळे हुबळीच्या गणेशपेठेतल्या मासळी बाजारात उभे असताना डोळ्यांवर फार विसंबू नये. पुढील खुणा जास्त भरवशाच्या:

- कल्ला उचलून पाहा. आत लाल किंवा गुलाबी रंग हवा. तपकिरी, करडा किंवा चिकट कल्ला नको.
- पोट दाबून पाहा. फुटलेले किंवा लिबलिबीत पोट असलेला बांगडा घेऊ नका.
- मांसावर बोट दाबून सोडा. खळगा लगेच भरला पाहिजे.
- वास समुद्राचा असावा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पुढे जा.
- तुकड्या घेताना अख्खा मासा समोर कापून घ्या. मधल्या काट्याभोवतीचे मांस काळपट पडलेले नसावे.

रस्सा आणि पान यांत एक मोठा फरक आहे. नारळ, चिंच आणि मिरचीचा रस्सा माशाचा थोडा शिळेपणा झाकतो. पान काहीच झाकत नाही. पुडी उघडताच कोंडलेला वास एकदम बाहेर येतो. म्हणून संशयास्पद मासा पानात घालू नये, आणि खरे म्हणजे रश्श्यातही घालू नये. बांगडा, तारली, कुपा हे मासे उबेत राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते, आणि ते शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगाला खाज सुटणे, तोंडात तिखट चुरचुरणे असा त्रास होतो. बऱ्याचदा त्याला माशाची ॲलर्जी समजले जाते. त्रास वाढला, विशेषतः श्वास लागला, तर तात्काळ डॉक्टरांकडे जावे.

एप्रिल-मेमध्ये हुबळीचा पारा 37-38 अंशांवर जातो. बाजाराला जाताना झाकणाचा डबा न्यावा आणि विक्रेत्याकडून मूठभर बर्फ मागून घ्यावा. मासा सर्वांत शेवटी घ्यावा आणि सरळ घरी यावे. घरी येताच साफ करून फ्रिजच्या सर्वांत थंड खणात ठेवावा आणि त्याच दिवशी शिजवावा. गोठवलेला मासा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्यावा. ओट्यावर किंवा गरम पाण्यात नव्हे.

ग्राहक म्हणून काय मागता येते

वजन मासा साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे, आणि साफसफाईचे पैसे वेगळे की भावातच, हे आधी ठरवून घ्यावे. वादाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. वजनकाट्यावर वैधमापन खात्याची पडताळणीची मोहोर असणे बंधनकारक आहे आणि ती पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे. बर्फासकट वजन करू देऊ नये.

जुलै 2018 मध्ये गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर हुबळी-धारवाडकडेही लोक घाबरून विचारू लागले. फॉर्मेलिन खाद्यपदार्थात वापरायला परवानगी नाही. ते घरी नुसत्या वासावरून किंवा माशा बसतात की नाही यावरून ओळखता येते हा समज मात्र खरा नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्यांचे संच तयार केले आहेत. त्यांचा उपयोग होतो.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट अशी की तपासणीचा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. पदार्थ नियमांत बसत नाही असा अहवाल आला तर भरलेले शुल्क परत मिळते. वजनाच्या किंवा फसवणुकीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक 1915 आहे.

पान कसे निवडावे

धारवाडच्या सुपर मार्केटमध्ये, हुबळीच्या जनता बाजारात आणि दुर्गदबैलाच्या आसपास 'बाळे एले' म्हणजे केळीची पाने जुडीने मिळतात. विक्रेता बहुतेक वेळा जेवायला वाढण्याचे पान देतो: शेंड्याकडचे, देखणे, पण लहान आणि नाजूक. पुडीसाठी वेगळे पान हवे, म्हणून 'बांधायला पाहिजे' असे आधीच सांगावे.

चांगले पान पूर्ण उमललेले पण कोवळेपणा नुकताच गेलेले असते. पोपटी, नुकते सुटलेले पान जाळावर आक्रसते आणि भोके पडतात. कडा पिवळ्या पडलेले जून पान घडी घालताना तडकते. मधल्या भागाचे, हिरवेगार, वाऱ्याने न चिरलेले पान मागावे. दारची जवारी केळ असेल तर प्रश्नच नाही. बाहेरच्या बाजूचे दुसरे-तिसरे पान कापावे, गाभ्याजवळचे नवे पान कापू नये.

गणपती, गौरी, दसरा, दिवाळी या दिवसांत पानांचा भाव चढतो आणि नैवेद्याची लहान पाने जास्त येतात. आधीच आणलेली पाने ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतात. पुसून, देठ काढून, तुकडे करून डीप फ्रीजरमध्ये ठेवली तर महिनाभर चालतात, आणि वितळल्यावर आपोआप मऊ पडलेली असल्याने शेकण्याचे कामही कमी होते.

समारंभांत वाढायला केळीच्या पानासारखी छापलेली कागदी पाने मिळतात. त्यांच्यावर प्लास्टिकचा थर असतो. ती चुकूनही तव्यावर किंवा वाफेवर ठेवू नयेत. घाईत हिरव्या रंगावर फसायला होते.

केळीचे पान मिळालेच नाही तर पावसाळ्यात हळदीची पाने वापरता येतात. पातोळ्यांचा तो सुवास माशाला शोभतो, विशेषतः मुडदुशीला. पाने अरुंद असल्याने तीन-चार एकमेकांवर रचावी लागतात. ओळख नसलेल्या झाडाचे पान अन्नाला लावू नये. कण्हेर आणि रुई विषारी आहेत. ॲल्युमिनियमचा कागद वापरायचाच असेल तर आत केळीच्या पानाचा एक थर हवा, कारण चिंच, आमसूल, व्हिनेगर आणि मीठ त्या धातूला खातात. वर्तमानपत्रात मासा गुंडाळून घेऊ नये. छपाईची शाई ओल्या अन्नात उतरते.

पान फाटू नये म्हणून

केळीच्या पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर जातात. पान नेहमी याच रेषेत चिरते. एवढे लक्षात ठेवले की निम्म्या तक्रारी मिटतात.

1. पान ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. फवारणीचे आणि धुळीचे डाग निघाले पाहिजेत.
2. मधला दांडा धारदार सुरीने काढून टाका. दांडा राहिला तर घडी तिथेच फुटते.
3. एका बांगड्यासाठी साधारण 35 सेंटीमीटर लांब आणि 28 सेंटीमीटर रुंद असे दोन तुकडे कापा.
4. गॅसच्या मध्यम ज्योतीवर पान चार बोटे उंच धरून सरकवत राहा. फिका हिरवा रंग गडद आणि चकचकीत झाला, पान हाताला रेशमासारखे मऊ लागले की झाले. एका जागी थांबू नका.
5. इंडक्शन शेगडी असेल तर गरम तव्यावर पान पसरून दोन्ही बाजूंनी काही सेकंद दाबा, किंवा उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून पुसून घ्या.
6. दोन तुकडे एकमेकांवर ठेवताना वरच्याच्या शिरा खालच्याच्या शिरांना आडव्या जातील असे ठेवा. एक पान चिरले तरी दुसरे रस धरून ठेवते.

गुळगुळीत बाजू आत की बाहेर, हा फार विचारला जाणारा प्रश्न आहे. वरची चकचकीत बाजू आत ठेवणे सोयीचे, कारण मसाला तिला कमी चिकटतो. उलटे झाले म्हणून पदार्थ बिघडत नाही. बांधायला पांढरा सुती दोरा किंवा केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सालीची पट्टी घ्यावी. रबर वितळतो, नायलॉन वितळतो आणि स्टेपलरची पिन कुणाच्या तरी घासात येते.

मसाला: थोडा आणि घट्ट

पुडीत पाणी साठण्याचे मुख्य कारण पातळ मसाला आणि न पुसलेला मासा. मासा साफ करून दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा द्याव्यात. अर्ध्या किलोला चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. सुटलेले पाणी ओतून मासा कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे बरोबर करूनही मासा उकडल्यासारखा लागतो. मसाल्यात नंतर मीठ बेतानेच घालावे.

लाल मसाला (चार बांगडे, सुमारे 600 ग्रॅम): ब्याडगी मिरच्या 10 ते 12, धने दोन चमचे, जिरे अर्धा चमचा, मिरे सहा, लसूण आठ-दहा पाकळ्या, आल्याचा एक इंच तुकडा, ओले खोबरे चार चमचे, चिंचेचा घट्ट कोळ दीड चमचा. मिरच्या आणि धने गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवावेत आणि शक्य तेवढ्या कमी पाण्यात वाटावे. शेवटी पाच-सहा तिरफळे बी काढून, नुसती ठेचून मिसळावीत. वाटली तर कडवट होतात.

ब्याडगी हे गाव शेजारच्या हावेरी जिल्ह्यातले. 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या मिरचीचा रंग गडद आणि तिखटपणा सौम्य. पानात मसाला तळला जात नाही, त्यामुळे मिरचीचा झणका जसाच्या तसा राहतो. अशा वेळी सौम्य मिरचीच योग्य, आणि ती इथे चांगली मिळते. हुबळी-धारवाडकरांनी दुसरीकडचे तयार लाल तिखट आणण्याचे काहीच कारण नाही. जास्त तिखट हवे असल्यास दोन गुंटूर मिरच्या मिसळाव्यात. चिंचेऐवजी चार-पाच आमसुले पुडीतच ठेवली तर कारवारी चव येते. गोव्याचा रेशाद मसाला, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाटलेला, बांगड्याच्या पाठीत चीर देऊन भरतात; तोही पानात छान जमतो.

हिरवा मसाला (अर्धा किलो पापलेट किंवा मुडदुशी): ओले खोबरे एक वाटी, कोथिंबीर एक वाटी, थोडा पुदिना, हिरव्या मिरच्या पाच-सहा, लसूण सहा पाकळ्या, जिरे एक चमचा, एका लिंबाचा रस, साखर अर्धा चमचा, मीठ. पारशी लग्नाच्या भोण्यातली पात्रानी मच्छी याच धर्तीची असते. लिंबाचा रस अगदी शेवटी घालावा आणि मसाला लावल्यावर अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नये. आंबटाने मांस वरून घट्ट आणि चुरचुरीत होते.

कच्च्या कांद्या-लसणाचा वास ज्यांना खपत नाही त्यांनी केरळची पद्धत उचलावी. तिथे मीन पोळ्ळिच्चदसाठी मासा आधी हलका तळतात, कांदा-टोमॅटोचा मसाला वेगळा परतून घट्ट करतात आणि मग दोन्ही पानात बांधून शेकतात. बर्फातल्या, जरा ओलसर झालेल्या माशाला ही पद्धत विशेष मानवते, कारण वरचे पाणी आधीच उडून जाते. पुडीत मसालाही शिजलेलाच जातो, त्यामुळे शेकण्याचा वेळ निम्म्यावर येतो. बंगालच्या पातुरीत मोहरी आणि हिरवी मिरची वाटून घालतात. रोहूला ती चव फार चांगली लागते, पण मोहरी मिठासोबत वाटावी, नाहीतर कडू होते.

पुडी बांधणे

पानाच्या मध्यभागी एक चमचा मसाला पसरावा, वर मासा, चिरांत आणि पोटात मसाला, मग उरलेला मसाला वर. वरून एक चमचा खोबरेल. लांब बाजू आधी दुमडाव्यात, नंतर दोन्ही टोके खाली. पुडी घट्ट आवळू नये. वाफेला बोटभर जागा हवी, नाहीतर पान फुगून चिरते. एका पुडीत एकच मोठा मासा ठेवावा. दोन बांगडे एकत्र बांधले की मधला भाग कच्चा राहतो.

शिजवण्याचे मार्ग

तवा. बांगडा, तारली आणि सुरमईसाठी हाच मार्ग सर्वांत चांगला. पानाचा धुरकट सुवास इथेच येतो. लोखंडी जाड तवा मध्यम तापवून त्यावर चमचाभर तेल पसरावे आणि पुडी घडीची बाजू खाली करून ठेवावी. झाकण घालावे. पहिली तीन मिनिटे मध्यम आंच, मग मंद. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या बांगड्याला एका बाजूने सात मिनिटे, उलटून आणखी सात. सुरमईच्या दोन सेंटीमीटर तुकडीला पाच-पाच मिनिटे पुरतात.

पान काळे पडू लागले म्हणून घाबरून गॅस बंद करू नये. बाहेरच्या पानावर करपलेले डाग पडणे अपेक्षितच आहे, त्यासाठीच दुसरा थर असतो. आतले पानही काळे होऊन ठिसूळ झाले तर आंच जास्त होती असे समजावे. पान जळते आणि मासा कच्चा राहतो त्याचे कारण नेहमी एकच: सुरुवातीपासून मोठा जाळ आणि झाकण नाही.

वाफ. पापलेट, मुडदुशी, तिलापिया आणि हिरवा मसाला यांच्यासाठी. मराठी घरातले मोदकपात्र किंवा शेजारच्या कानडी घरातले इडलीपात्र, दोन्ही सारखेच कामाचे. पाणी आधी उकळू द्यावे, मगच पुडी ठेवावी. तीनशे ग्रॅमच्या अख्ख्या पापलेटला पंधरा मिनिटे, दीड-दोन सेंटीमीटर तुकडीला दहा ते बारा. झाकणाला आतून कापड बांधले की पाणी पुडीवर टपकत नाही. कुकर वापरल्यास शिटी काढून ठेवावी. धूर होत नाही, त्यामुळे बंद सदनिकेसाठी हा मार्ग बरा.

ओव्हन. 200 अंशांवर आधी तापवून अठरा ते वीस मिनिटे. लहान ओव्हनमध्ये पुडी वरच्या दांडीपासून लांब ठेवावी. वाळलेले पान पेट घेते. एअर फ्रायरमध्ये दोऱ्याने बांधलेलीच पुडी ठेवावी, सुटे पान वाऱ्याने उडून तापलेल्या तारेला लागते.

निखारे. कोळशावर राखेचा पांढरा थर आल्याशिवाय पुडी ठेवू नये. अशा वेळी पानाचे तीन थर घ्यावेत आणि बाहेरचा थर पाण्याने भिजवावा. एका बाजूने आठ ते दहा मिनिटे पुरतात. कोळशाची शेगडी गच्चीवर किंवा अंगणातच पेटवावी. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेऊ शकतो.

शिजला की नाही

दिलेल्या वेळा अंदाजासाठी आहेत. माशाची जाडी आणि शेगडी यांनुसार त्या बदलतात. वेळ झाल्यावर पुडीचे वरचे पान थोडे उकलून डोक्यामागच्या सर्वांत जाड भागात काटा घालून पाहावा. मांस अपारदर्शक पांढरे दिसले आणि मधल्या काट्यापासून सहज सुटले तर मासा झाला. काट्याजवळ गुलाबी, काचेसारखे मांस असेल तर पुडी पुन्हा बंद करून तीन मिनिटे द्यावीत. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास जाड भागात 63 अंश सेल्सिअस पुरेसे. उतरवल्यावर पुडी तीन-चार मिनिटे तशीच राहू द्यावी; सुटलेला रस मांसात परत मुरतो.

बिघडले तर

- पुडीत पाणी साठले: पान वरून उघडे करून झाकण न ठेवता मंद तव्यावर तीन-चार मिनिटे आटवा. मासा उलटू नका.
- मसाला कच्चा लागतो: मसाला चमच्याने काढून चमचाभर तेलात वेगळा परता आणि परत माशावर घाला. पुढच्या खेपेला आधीच परतून घ्या.
- मासा कोरडा झाला: थोड्या नारळाच्या दुधात आमसूल टाकून गरम करा आणि वरून ओता. पुढच्या खेपेला वेळ कमी करा किंवा जास्त तेलकट मासा घ्या.
- पान चिरून रस गळला: तिसरे पान बाहेरून गुंडाळा. आतली पुडी उकलण्याचा प्रयत्न करू नका.

वाढणे आणि उरलेले

पुडी बंदच ताटात वाढावी आणि ज्याची त्याने उघडावी. शेवटच्या माणसालाही मासा गरम मिळतो. दोरा आधी कापून काढावा. लहान मुलांना आणि वयस्करांना देताना मांस काट्यांपासून सोडवून द्यावे, कारण मसाल्याच्या थराखाली काटे दिसत नाहीत. सोबत उकडा तांदूळ आणि सोलकढी चांगली लागते. हुबळी-धारवाडकडे ज्वारीची गरम भाकरी तितकीच जुळते, विशेषतः लाल मसाल्याच्या बांगड्याबरोबर.

उरलेला मासा दोन तासांच्या आत पुडीतून काढून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. पुन्हा गरम करताना जुने करपलेले पान टाकून नवे पान शेकून घ्यावे आणि मंद तव्यावर झाकण ठेवून पाच-सहा मिनिटे वाफ द्यावी. वापरलेले पान एका दिवसात वास मारू लागते, म्हणून दोरा आणि काटे वेगळे करून पान त्याच रात्री ओल्या कचऱ्यात टाकावे. बाग असेल तर तुकडे करून मातीत पुरावे. वरवर पुरले तर मांजरे उकरतात.